शिगेचं माप

रायगोंडा पाटलाच्या घरात सपाट माप कुणी कधी पाहिलं नव्हतं. जोंधळे द्यायचे असोत, शेंगा द्यायच्या असोत, नाहीतर कुणाच्या बाळंतिणीला गूळ द्यायचा असो, मापटं भरलं की त्यावर शीग चढायची आणि ती सांडायला लागल्यावरच रायगोंडाचा हात थांबायचा. "सपाट मापानं दुकानदार देतो, पाटील न्हाई," असं त्याचा बाप म्हणायचा. बापाचं बाकी सगळं रायगोंडा विसरला होता, एवढं मात्र विसरला नव्हता. पाहुणा जेवायला बसला की तो वाढायला स्वतः उभा राहायचा आणि पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरेपर्यंत वाढायचा. हात आडवे धरले तर बोटांच्या फटीतून तूप सोडायचा. पंचक्रोशीत त्याची कीर्ती होती, आणि कीर्ती माणसाला कुठं नेऊन आपटेल याचा काही नेम नसतो.

आता या माणसाची लेक ब्राह्मी पडली नेमकी मोजून-मापून वागणारी. पुण्यात शिकून आर्किटेक्ट झाली, एका मोठ्या ऑफिसात तिनं तीन वर्षं फक्त तळघरातल्या पार्किंगचे नकाशे काढले. मग एक दिवस तिला वाटलं, जन्मभर मोटारींचीच घरं काढायची तर माणसांनी राहायचं कुठं? ती नोकरी सोडून वाईला गेली, कृष्णेच्या घाटावर एका देवळाच्या दुरुस्तीत चुन्याचं काम शिकली, आणि हाताची सालटी काढून घेऊन घरी आली. आल्या आल्या म्हणाली, "अप्पा, माळावर घर बांधायचं म्हणताय ना? मी बांधते. सिमेंट वापरणार नाही."

"मग कशाचं बांधनार?" रायगोंडानं विचारलं.

"मातीचं. आपल्याच विहिरीच्या गाळातनं निघालेली माती नि मुरूम. दाबून विटा पाडायच्या, भाजायच्या नाहीत. वर चुन्याचा गिलावा."

रायगोंडानं चहाची बशी खाली ठेवली. सांगलीच्या अलीकडं, नदीकाठच्या त्या गावात 'मातीचं घर' हा शब्द दोन हजार एकोणीसच्या पुरापासून कुणी घरात काढत नव्हतं. पण लेकीला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. तिथंही तो शीगच लावायचा. "बांध की," तो म्हणाला, आणि त्या रात्री कुशी बदलत राहिला.

घर उभं राहिलं. पुराचं पाणी कधी चढलं नाही अशा उंच माळावर, काळ्या दगडाच्या जोत्यावर. खिडक्या अशा बसवल्या की पश्चिमेचा वारा सोप्यातून शिरून मागच्या खोलीतून निघून जावा. छपरावरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत. त्या टाकीवरून मात्र ब्राह्मीची आई त्रिशला अडून बसली. जैनांच्या घरी पाणी गाळून प्यायचं, आणि गाळलेल्या फडक्यातले जीव जिथलं पाणी असेल तिथंच अलगद परत सोडायचे, ही रीत. "विहिरीची जिवाणी विहिरीत सोडते," त्रिशला म्हणाली. "ह्या पान्याची कुठं सोडू? ढगात?" ब्राह्मीनं हसून टाकीला एक छोटं झाकण केलं, त्यातून दोरीनं भांडं थेट पाण्याला टेकेल अशी सोय केली. त्रिशलानं ती चार वेळा वरखाली करून पाहिली आणि घर पास केलं.

गाव मात्र पास करायला तयार नव्हतं. शेजारच्या मळ्यातले सुभेदार नाथाजी तर मुळीच नाहीत. नाथाजींनी फौजेतून आल्यावर दुमजली बंगला बांधला होता, समोरून सगळी निळी काच. दुपारी बारा वाजले की बंगल्याची अशी भट्टी व्हायची की सुभेदार साहेब स्वतः आपल्या म्हशीशेजारी चिंचेखाली येऊन बसायचे. तिथून त्यांना रायगोंडाचं घर समोर दिसायचं.

"पाटील," ते ओरडून विचारायचे, "गिलावा पुरा होणार कवा? का गरमेंटचा पैसा अजून आला न्हाई?"

"सुभेदार, हे असंच असतंय. पर्यावरणाचं घर हाय."

"सर्टिफिकेट कुठाय? आमच्याकडं म्हशीला पन सर्टिफिकेट हाय!"

रायगोंडा हसून घ्यायचा, पण आत कुठंतरी ते कुसळासारखं रुतायचं. मागच्या खोलीचा चुन्याचा गिलावा फाल्गुनातच झाला होता. आतून-बाहेरून गुळगुळीत, साईच्या रंगाचा. तरी रायगोंडा येता-जाता त्या भिंतीला हळूच खांदा लावून बघायचा. भिंत हलायची नाही. तेवढ्यानं त्याचं समाधान व्हायचं नाही.

राहता राहिला पुढचा सोपा. त्याच्या गिलाव्याचा मुहूर्त ठरला अक्षय्य तृतीयेचा. त्या दिवशी ब्राह्मी जुन्या सागवानी दरवाज्यांची एक जोडी बघायला सांगलीला गेली. जाताना गवंड्याला, कोंडीबाला, सगळं नीट सांगून गेली. मळलेला चुना हौदात तयार होता. हिरड्याचं पाणी पिंपात होतं. त्यात गूळ घालायचा, पिंपाला एक मापटं. "सपाट," ती बजावून म्हणाली. "थोडा गूळ चुन्याला धरून ठेवतो, जास्त झाला तर चुना सुकतच नाही."

ती गेली आणि रायगोंडा आला.

"कोंडीबा, गूळ किती घातलास?"

"एक मापटं. सपाट."

"सपाट?" रायगोंडाला कुणीतरी घरात शिवी दिल्यासारखं वाटलं. "आरं, माझ्या घराला सपाट माप?"

"ताईंनी सांगितलंय मालक."

"ताई ल्हान हाय. आरं, आज तिथी काय? आज आदिनाथ भगवंतांचं पारणं झालं. कशानं झालं? उसाच्या रसानं! त्या रसाचाच गूळ. आज सगळ्या गावाला रस वाटायचा आन माझ्या भिंतीनं तेवढं सपाट मापटं प्यायचं?"

कोंडीबा थापी हातात घेऊन उभा राहिला. धर्माचा विषय निघाल्यावर गवंडी काय बोलणार?

"आन किल्ले कशावर उभे हायत? चुना आन गुळावर! अजिंक्यताऱ्याच्या बुरुजाला विचार, कुनी सपाट माप लावलं होतं का!"

बुरूज साताऱ्यात आणि कोंडीबा इथं, त्यामुळे विचारणं झालं नाही. रायगोंडानं आणखी एक मापटं भरलं, त्यावर शीग चढवली. ती पिंपात विरघळताना बघून त्याला वाटलं, हे काहीच दिसत नाही. मग तो खाली गावातल्या घरी गेला, फडताळातून यंदाच्या घरच्या गुळाची ढेप घेऊन आला. ती फोडून टाकल्यावर पाण्याला जरा रंग चढला. रंग बघून त्याला हुरूप आला, आणि तो आणखी एक ढेप घेऊन आला. संध्याकाळी ब्राह्मी परतली तेव्हा सोप्याच्या भिंती ओल्या, तुळतुळीत, सोनेरी झाक मारत होत्या.

"छान झालंय की!" ती म्हणाली. रायगोंडानं कोंडीबाकडं बघितलं. कोंडीबानं छपराकडं बघितलं.

पहिली मुंगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. एकटीच होती, रायगोंडानं उपरण्याच्या टोकावर घेऊन तिला बाहेर नेऊन सोडलं. तिनं बाहेर जाऊन काय सांगितलं कोण जाणे. दुपारी रांग लागली. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यापासून आढ्यापर्यंत भिंतीवर काळी नक्षी हलत होती. गिलावाही सुकायचं नाव घेईना. बोट लावलं की बोट चिकटायचं.

त्रिशलानं रीतीप्रमाणं बांधावर पीठ-साखर घातली, म्हणजे मुंग्या तिकडं जातील. मुंग्या तिकडं गेल्या, पोटभर जेवल्या, आणि मुक्कामाला परत सोप्यात आल्या.

नाथाजी सुभेदार पाहणीला आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळी आघाडी न्याहाळली. "दुश्मन लय हाय," ते म्हणाले. "फवारा मारू. एका घंट्यात ऑपरेशन खतम."

"अरिहंत, अरिहंत!" रायगोंडानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "सुभेदार, ते बोलूसुदिक नका. त्यांला ऐकू जाईल."

पण खरी पंचाईत मुंग्यांची नव्हती. खरी पंचाईत अशी होती की येत्या रविवारी विट्याहून वीरधवल आणि त्यांची बायको संयोगिता घर बघायला येणार होते. वीरधवलांचा कोइमतूरला सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा. विट्याच्या निम्म्या तालुक्यासारखे तेही सोनारांच्या दुकानातला केर घेऊन त्यातून सोनं काढायचे. आता गावी घर बांधायचं होतं आणि कुणाकडून तरी त्यांनी ब्राह्मीचं नाव ऐकलं होतं. हे तिचं बाहेरचं पहिलं काम. दुसरं कुणी विचारायलाही आलं नव्हतं. पुण्याच्या ऑफिसातून निरोप आला होता, खुर्ची अजून रिकामी आहे.

"हे काम नाही झालं तर मी परत जाते, अप्पा," ब्राह्मी म्हणाली. ती सोप्यात पायरीवर बसली होती, मांडीवर चुन्याचे चिकट तुकडे. "मला समजतच नाही. मागच्या खोलीला हाच चुना, हाच हिरडा, हाच कोंडीबा. तिथं एक मुंगी नाही. भिंत नुसती खणखणीत. इथं काय झालं? माझंच माप चुकलं असणार. मला येत नाही हे काम."

आपली गुणी पोर आपल्या समोर स्वतःला नालायक म्हणत होती आणि ते त्याला ऐकवत नव्हतं. आत्ताच सांगावं, असं त्याच्या ओठावर आलं.

"ब्राह्मी, ते गुळाचं..."

"गुळाचं काय?"

तिचे डोळे लाल होते. रायगोंडाची जीभ टाळ्याला चिकटली, भिंतीला बोट चिकटावं तशी.

"औंदा गूळ लय झ्याक झालाय," तो म्हणाला आणि चपला घालून मळ्यात निघून गेला.

त्यानं आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा जेवताना, तर घास घशात अडकला आणि ठसका लागला. एकदा गोठ्यात, पण तिथं ब्राह्मी फोनवर चुनाभट्टीच्या मालकाला फैलावर घेत होती. "तुमचा चुनाच खराब आहे," ती त्या बिचाऱ्याला म्हणत होती, आणि पलीकडून तो भगवंताची शपथ घेत होता. रायगोंडा आला तसा उलट्या पावली गेला. आता आपल्या एका पापात भट्टीवालाही भाजून निघाला, याचं त्याला फार वाईट वाटलं.

मग त्याला युक्ती सुचली. सांगलीच्या माणसाला अडचणीत कधी ना कधी हळद आठवतेच. मुंगी हळद ओलांडत नाही, आणि हळदीनं मरतही नाही. हिंसा नाही, औषध नाही, बोभाटा नाही. शनिवारी संध्याकाळी ब्राह्मी गावातल्या घरी गेल्यावर त्यानं आणि कोंडीबानं नव्या घराच्या जोत्याभोवती हळदीची जाड रेघ ओढली. अर्थात शीग लावूनच. दोन बोटं पुरली असती तिथं रायगोंडानं वीतभर घातली. लग्नाआधीच्या नवरीसारखं घर पिवळं झालं. रायगोंडा त्या रात्री बऱ्याच दिवसांनी घोरला.

रविवारी सकाळी लक्षात आलं की हळद बाहेरून आहे आणि मुंग्या आतून. बाहेरच्या मुंग्या आत येईनात हे खरं, पण आतल्या बाहेर कशा जाणार? बांधावरची पीठ-साखर तशीच पडून होती आणि सगळं सैन्य सोप्यात अडकलं होतं. खाली उतरलेल्या मुंग्या हळदीपाशी यायच्या, मिशा हलवायच्या आणि निरुपायानं पुन्हा गूळ खायला वर जायच्या.

"हे कुणी केलं?" ब्राह्मीनं विचारलं.

"शुभ असतंय," रायगोंडा म्हणाला.

तेवढ्यात पांढरी मोटार माळाच्या चढाला लागली. आणि तेवढ्यातच सुभेदारांची म्हैस दावं तोडून आली. ती सरळ चालत आली, हळद तुडवली, पुढचे पाय जोत्यावर ठेवले, आणि लांब खरखरीत जीभ काढून सोप्याची बाहेरची भिंत तळापासून वरपर्यंत चाटायला लागली. डोळे मिटून. मागून नाथाजी "राणी! वापस! राणी, पीछे मुड!" असं ओरडत धावत येत होते. फौजेत कुणी त्यांचा हुकूम मोडला नव्हता. राणीनं मोडला.

मोटारीतून वीरधवल आणि संयोगिता उतरले.

"आवं," संयोगिता नवऱ्याचा दंड धरून म्हणाली, "हळद बघा! आन आत काळ्या मुंग्या बघा किती! काळ्या मुंग्या म्हंजे लक्ष्मी. आमच्या आईच्या घरात आल्या त्या वर्षी दोन भावांची दुकानं झाली. मला असंच घर पाह्यजे. अशाच मुंग्या पाह्यजेत."

ब्राह्मीला हसावं की रडावं कळेना. रायगोंडाला मात्र एकदम सुटल्यासारखं वाटलं. लक्ष्मी! हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही? "या, या, बसा," तो पुढं झाला. "उसाचा रस घेनार न्हवं? दोन दोन गिलास घ्या."

पण वीरधवल रसाला भुलले नाहीत. ते म्हशीकडं बघत होते. त्यांनी सोप्यात जाऊन भिंतीवरून हात फिरवला, बोटं चिकटलेली पाहिली. मग ब्राह्मीला विचारलं, "ताई, यात काय काय घालताय?"

ब्राह्मीनं सगळं सांगितलं. चुना किती दिवस भिजवला, हिरडा किती, वाळू कुठली. "आणि गूळ पिंपाला एक मापटं. सपाट. त्याहून जास्त नाही."

वीरधवलांनी नखानं गिलाव्याचा एक कपचा काढला आणि जिभेवर ठेवला. चघळला. त्यांचा चेहरा बदलला.

"ताई, राग मानू नका," ते सावकाश म्हणाले. "माझी आख्खी जिंदगी मातीत काय हाय ते वळखन्यात गेली. हे एका मापट्याचं काम न्हाई. ह्यो तर चिक्कीचा तुकडा हाय. आमच्या धंद्यात मानूस सांगतो एक आन मुशीत निघतंय दुसरं, असं झालं की आमी हात जोडतो आन उठतो. कारन ज्यानं गुळाचं खोटं सांगितलं, त्यो पायाचंबी खोटंच सांगनार."

ब्राह्मी पांढरीफटक पडली. "मी खोटं बोलत नाही," ती म्हणाली. वीरधवलांनी खरोखरच हात जोडले आणि ते वळले.

आणि मग मात्र रायगोंडाच्यानं राहवलं नाही. मुंग्या झाल्या, म्हैस झाली, भट्टीवाल्याला बोलणी बसली, तोवर त्यानं गिळलं होतं. पण आपल्या लेकीला आपल्याच दारात कुणी खोटारडी म्हणावं?

"थांबा!" तो ओरडला. "ती खरं बोलतीया. गूळ मी घातला."

सगळे थबकले. म्हैससुद्धा.

"किती?" ब्राह्मीनं विचारलं.

"एक मापटं जादा. शीग लावून."

कोंडीबा खोकला.

"आन एक ढेप."

कोंडीबा पुन्हा खोकला.

"दोन," रायगोंडा म्हणाला. "आरं, पानी दे रं कुनीतरी ह्याला!"

"फडताळातल्या ढेपा गेल्या तवाच मला कळलं होतं," त्रिशला दारातून शांतपणे म्हणाली. "म्हनलं, बघू तोंड कवा उघडत्यात."

ब्राह्मी बापाकडं बघत होती. रागावली असती तर रायगोंडाला सोपं गेलं असतं. "का, अप्पा?" तिनं एवढंच विचारलं.

रायगोंडानं आदिनाथ भगवंत आठवले, अजिंक्यताऱ्याचा बुरूज आठवला. दोन्हींपैकी एकही तोंडातून निघेना. निघालं ते खरंच निघालं.

"भिंत पडू नये म्हनून," तो म्हणाला. "एकोनीसला मी होडीत होतो. आपल्या जुन्या घराची मागची भिंत माझ्या डोळ्यांदेखत बसली. म्हैस बसती तशी बसली, सावकाश. तवापासनं माती म्हनलं की मला तेच दिसतंय. तू म्हनलीस मातीचं बांधते, मी बांध म्हनलो. पर रोज भ्या वाटायचं. घर पडंल ह्याचं न्हाई. घर गेलं तर जाऊ दे. पर त्या भिंतीवर तुझं नाव हाय. ती बसली तर लोक भिंतीला न्हाई, तुला हसत्याल. ते मला बघवनार न्हाई, बाळ. म्हनून गूळ घातला. दुसरं काय घालू? माझ्याकडं गूळच हाय."

सुभेदारांनी उगाच मिशी पुसली.

"म्हणजे माझ्या मापावर तुमचा भरवसा नव्हता," ब्राह्मी म्हणाली.

"न्हवता," रायगोंडा म्हणाला. खरं बोलायला लागल्यावर त्याला आता थांबता येत नव्हतं.

ब्राह्मीनं ओढणीनं नाक पुसलं आणि ती तरातरा चालायला लागली. "या माझ्याबरोबर. सगळे या. पाहुणे, तुम्हीपण. कोंडीबा, विहिरीवरची सोलरची मोटार चालू कर!"

ती सगळ्यांना मागच्या बाजूला घेऊन गेली. फाल्गुनात गिलावा केलेली ती भिंत उन्हात स्वच्छ उभी होती. तिच्यावर मुंगी औषधालाही नव्हती. ब्राह्मीनं ऊस भिजवायचा जाड पाइप उचलला आणि बापाच्या हातात दिला.

"हिला माझं माप आहे. सपाट. मारा पाणी."

"नको गं."

"मारा अप्पा. तुमचा पूर आहे असं समजा आणि मारा."

पाणी आलं. पाइप रायगोंडाच्या हातात सापासारखा उसळला. पाण्याची धार धाडकन भिंतीवर आदळली. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले, कारण त्याला ती भिंत बसताना बघायची नव्हती. कानांत नुसता पाण्याचा आवाज. बऱ्याच वेळानं त्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. भिंत जिथल्या तिथं होती. वरची धूळ तेवढी धुऊन गेली होती आणि ती आधीपेक्षा उजळ दिसत होती. खाली ओघळलेलं पाणीसुद्धा निवळ होतं. मातीचा रंग त्यात नव्हता.

रायगोंडा पाणी मारतच राहिला. "बास आता," त्रिशला म्हणाली तरी मारत राहिला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते सगळं पाइपातलं नव्हतं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

एवढ्यात राणी म्हैस डुलत डुलत मागं आली. तिनं ओल्या भिंतीला नाक लावलं, जीभ काढली, एकदाच चाटली. थांबली. तोंड वाकडं करून फुर्र केलं आणि पाठ फिरवून पुन्हा सोप्याकडं निघाली.

"पाटील," नाथाजी सुभेदार गंभीरपणे म्हणाले, "सर्टिफिकेट मिळालं."

वीरधवलांनी या भिंतीचाही एक कण जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकून टाकला. "हां," ते म्हणाले. "आता कस लागला. ताई, माझं चुकलं. आमाला हेच पाह्यजे."

"आन मुंग्या?" संयोगितानं विचारलं. तिचा चेहरा पडला होता.

"मुंग्यांचं काम मी घेत नाही," ब्राह्मी म्हणाली. "ते अप्पांकडं आहे."

सोप्याची दुरुस्ती काही झटपट झाली नाही. आधी त्रिशलानं बांधाच्या बाजूची हळद पुसून मुंग्यांना वाट करून दिली आणि शेवटची मुंगी जाईपर्यंत कोंडीबाला थापी लावू दिली नाही. राणी म्हैस रोज दुपारी येऊन आपल्या परीनं गिलावा काढायला मदत करायची. सुभेदारही तिला न्यायला म्हणून यायचे आणि सोप्यात वाऱ्याला बसून पार उन्हं कलेपर्यंत तिला न्यायचं विसरायचे. भट्टीवाल्याकडं रायगोंडा स्वतः गेला, माफी मागितली, आणि येताना गूळ देऊन आला. किती दिला ते सांगायला नकोच.

दिवाळीनंतर विट्याचं काम सुरू झालं. जोतं झालं, भिंती झाल्या, आणि गिलाव्याच्या पहिल्या दिवशी ब्राह्मीनं बापाला मुद्दाम बोलावून घेतलं. रायगोंडा धुवट धोतर नेसून आला आणि पिंपापासून चांगला दहा हात लांब उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले.

ब्राह्मीनं मापटं आणून त्याच्यापुढं धरलं. "तुम्ही घाला, अप्पा."

"मी? नगं. माझ्या हाताचा काय भरवसा?"

"माझा आहे," ती म्हणाली.

रायगोंडानं मापटं घेतलं. फोडलेल्या गुळात बुडवून वर काढलं. जन्माची सवय, त्यावर शीग आपोआप चढली. कोंडीबा खोकणार तेवढ्यात रायगोंडानं डावा तळहात मापट्याच्या काठावर ठेवला आणि त्याच हातानं, सावकाश, सगळी शीग पुसून घेतली. मापटं सपाट झालं. त्याच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. बापाची आठवण येऊन त्याला क्षणभर कसंसंच झालं. मग त्यानं लेकीकडं बघितलं आणि मापटं पिंपात रिकामं केलं.

डाव्या मुठीत मात्र गूळ राहिला होता. तो कुठं टाकावा हे त्याला समजेना. संयोगिता लांबून बघत होती. तिनं हळूच कुंपणाकडं बोट केलं. तिथं पेरूच्या बुंध्यापाशी काळ्या मुंग्यांचं एक वारूळ होतं. रायगोंडा तिकडं गेला, उकिडवा बसला आणि त्यानं मूठ उघडली.

"घ्या गं बायांनो," तो म्हणाला. "ही शीग तुमची."

तेवढी वारुळाला पुरेल असं काही त्याला वाटलं नाही. त्यानं मागं वळून पाहिलं. ब्राह्मी भिंतीकडं तोंड करून कोंडीबाला काहीतरी समजावत होती. मग त्यानं धोतराच्या सोग्यात घरून बांधून आणलेला ढेपेचा तुकडा हळूच काढला.